‘कुट्टी यानै’ला किती ऑक्टेन लागते? तंजावरच्या गावांतून शिकूया इंधनाचा हिशेब

पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की प्रश्न येतो, “साधे की पॉवर?” मागे गाड्यांची रांग असते, हॉर्न वाजत असतात आणि तुम्ही पटकन काहीतरी बोलून जाता. कधी वाटते, महाग आहे म्हणजे चांगलेच असणार. कधी वाटते, एवढा माल वाहायचा आहे तर गाडीला जरा ‘ताकदीचे’ पेट्रोल द्यावे. पण जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने मालवाहू गाडीला खरेच ताकद मिळते का? आणि तुमच्या गाडीला ऑक्टेनची गरज तरी आहे का?

याचे उत्तर शोधायला आज तमिळनाडूतल्या तंजावरला जाऊया. तंजावर आपल्याला परके नाही. व्यंकोजीराजे भोसल्यांनी १७व्या शतकात तिथे राज्य उभे केले, सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. आजही तिथल्या काही घरांत तंजावरी मराठी बोलली जाते. त्याच मंदिराच्या आसपास, कावेरीच्या फाट्यांवर पसरलेल्या गावांत भाताची शेती चालते आणि या शेतीचे गणित बऱ्याच अंशी चाकांवर अवलंबून असते.

भात, पाऊस आणि वेळेवर येणारी गाडी

मेट्टूर धरण १९३४ साली पूर्ण झाले. प्रथेप्रमाणे दरवर्षी १२ जूनच्या सुमारास त्याचे पाणी डेल्टासाठी सोडतात आणि ‘कुरुवै’ हंगाम सुरू होतो. कुरुवैची कापणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस तोंडावर असताना. कापलेला भात सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचा असतो. तिथे ओलाव्याची मर्यादा साधारण १७ टक्के धरली जाते. पावसात भात भिजला, ढिगातच मोड फुटले, तर महिन्यांची मेहनत वाया जाते.

अशा दिवसांत गाडी बंद पडणे म्हणजे फक्त गॅरेजचे बिल नव्हे. म्हणून इंधनाचा प्रश्न या गावांत थेट घरखर्चाशी जोडलेला आहे. विदर्भातल्या धान पट्ट्यात, कोकणात किंवा नाशिकच्या भाजीपाल्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनाही हे वेगळे सांगायला नको.

या गावांत सगळ्यात जास्त दिसणारी छोटी मालगाडी म्हणजे टाटा एस. २००५ साली ती बाजारात आली. आपण तिला ‘छोटा हाथी’ म्हणतो. तमिळ लोक म्हणतात ‘कुट्टी यानै’, म्हणजे हत्तीचे पिल्लूच! सुरुवातीला ही गाडी डिझेलवर चालायची. बीएस-६ नियम आल्यावर तिचे पेट्रोल मॉडेलही रस्त्यावर आले. त्यामुळे एकाच गल्लीत एक छोटा हाथी डिझेल पितो आणि दुसरा पेट्रोल. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी हे पाहा: गाडी पेट्रोल की डिझेल?

ऑक्टेन हा शब्द फक्त पेट्रोलसाठी आहे. तुमचा ट्रक डिझेलवर चालत असेल, तर ऑक्टेनचा विचारच करू नका. भारतातले बहुतेक मोठे ट्रक, बोलेरो पिकअप, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या सगळ्या डिझेल गाड्या आहेत. भात वाहणारे दहा चाकी ट्रकही डिझेलवरच चालतात.

डिझेलचा गुण मोजतात ‘सीटेन’ आकड्याने. बीएस-६ डिझेलसाठी तो किमान ५१ असावा लागतो. आता गंमत पाहा. पेट्रोल चांगले कधी? जेव्हा ते दाबाखाली लवकर पेटत नाही. डिझेल चांगले कधी? जेव्हा ते दाबाखाली पटकन पेटते. म्हणजे ऑक्टेन आणि सीटेन एकमेकांच्या उलट दिशेने चालतात. डिझेलच्या टाकीत ‘थोडे भारी पेट्रोल’ मिसळले तर इंजिन सुधारत नाही, बिघडते. डिझेल पंपाच्या नाजूक भागांना डिझेलच वंगण पुरवते. पेट्रोल ते वंगण धुऊन टाकते.

ऑक्टेन म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पिस्टन दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरते. पिस्टनला व्यवस्थित धक्का बसतो. पण मिश्रण फार तापले आणि दाब फार वाढला, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. इंजिनातून खडखड, टिकटिक असा धातूवर आपटल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, “इंजिन नॉक करतंय.”

हा नॉक रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण आणि हेप्टेनला ० गुण देऊन ही मोजपट्टी बनवली आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात जे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागते ते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑक्टेन म्हणजे इंधनातली ऊर्जा नव्हे. ९७ च्या पेट्रोलमध्ये ९१ पेक्षा जास्त ‘दम’ भरलेला नसतो. ते फक्त जास्त दाब सहन करते. ज्या इंजिनाला तो जास्त दाब निर्माणच करायचा नाही, त्याला या सहनशक्तीचा उपयोग नाही.

कोणत्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागते?

चार गोष्टी पाहायच्या.

१. कॉम्प्रेशन रेशो. मिश्रण किती पट दाबले जाते, तो हा आकडा. तो जितका जास्त, तितका नॉकचा धोका जास्त. साध्या मालवाहू पेट्रोल गाड्यांची इंजिने रोजच्या पेट्रोलवर चालावीत अशीच बनवलेली असतात.

२. टर्बो. टर्बो इंजिनात हवा जबरदस्तीने आत ढकलली जाते. दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. टर्बो पेट्रोल गाडी असेल, तर मॅन्युअलमधली ऑक्टेनची ओळ नक्की वाचा.

३. लोड आणि ऊन. रिकामी गाडी मजेत चालते, नॉक येतो तो भरलेल्या गाडीत. एप्रिल-मेच्या उन्हात, पोती खच्चून भरलेली, चालक मोठ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबतोय, अशा वेळी इंजिन सर्वात जास्त तापते. इथे महाग पेट्रोल घेण्याआधी एक फुकटचा उपाय करा, खालचा गिअर टाका. आणि परवान्यापेक्षा जास्त माल भरू नका.

४. उंची. समुद्रसपाटीजवळ हवा दाट असते, त्यामुळे सिलिंडरमध्ये दाब जास्त तयार होतो. डोंगराळ भागात हवा विरळ असल्याने इंजिनाला थोडे कमी ऑक्टेनही चालते. कावेरीचा डेल्टा सपाट आणि सखल आहे. तिथे घाट चढायचा नसला, तरी उंचीची ही सवलतही मिळत नाही.

आजकालच्या बऱ्याच इंजिनांत नॉक सेन्सर असतो. नॉक जाणवला की गाडीचा संगणक ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो. इंजिन वाचते, पण ताकद आणि ॲव्हरेज थोडे कमी होते. अशा इंजिनासाठी कंपनीने ‘९५ ची शिफारस’ केली असेल, तर ९५ भरल्यावर फरक जाणवू शकतो. कंपनीने ९१ पुरेसे म्हटले असेल, तर साधारणपणे फरक जाणवणार नाही.

‘पॉवर’ नावाच्या मागे काय दडले आहे?

एक्सपी ९५, पॉवर ९५, स्पीड ९७, एक्सपी १०० या नावांत आकडा दिसतो. तो ऑक्टेनचा असतो. पण आकडा नसलेल्या काही ब्रँडेड पेट्रोलमध्ये ऑक्टेन साध्या पेट्रोलइतकेच असू शकते. त्यांत इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने मिसळलेली असतात. म्हणून पंपावर “पॉवर द्या” म्हणण्याऐवजी विचारा, “यात ऑक्टेन किती आहे?”

१०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणले. ते अतिवेगवान बाईक आणि महागड्या स्पोर्ट्‌स गाड्यांसाठी आहे. भाताची पोती वाहणाऱ्या छोट्या हत्तीला ते पाजणे म्हणजे शेतातल्या बैलाला काजू-बदाम चारण्यासारखे आहे.

ई-२० आल्यावर गणित बदलले

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आज साध्या नोझलमधून येणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन आकडा सुमारे १०८ आहे. ते मिसळले की पेट्रोलचे ऑक्टेन वाढते. बीएस-६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ ची अट होती. २० टक्के मिश्रणाने तो आकडा ९५ पर्यंत जातो, असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे ‘९५ साठी’ वेगळे पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करा.

पण इथेनॉलची दुसरी बाजूही आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात म्हटले होते की, ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकी गाड्यांत ६ ते ७ टक्के घट होऊ शकते. दुचाकीत ३ ते ४ टक्के. ऑक्टेन वाढले आणि ॲव्हरेज कमी झाले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

जुन्या गाड्यांत इंधनाचे रबरी पाइप आणि गास्केट लवकर झिजू शकतात. इथेनॉल पाणी ओढून घेते. डेल्टासारख्या दमट हवेत अर्धी टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवली, तर टाकीच्या तळाला पाणी साचू शकते. हंगामापुरतीच चालणारी गाडी असेल, तर तिला अधूनमधून फिरवा आणि टाकीचे झाकण घट्ट लावा. फवारणी यंत्रांतही जुने पेट्रोल पडून राहू देऊ नका.

हे इथेनॉल येते कुठून? ऊस, मका आणि तांदूळ यांतून. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना हे नवीन नाही. तंजावरजवळ कुरुंगुलमला अरिग्नर अण्णा साखर कारखाना आहे. अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळही इथेनॉलसाठी दिला जातो. म्हणजे भाताच्या प्रदेशातून जाणारी गाडी थोडीफार भातावरच धावते म्हणा ना!

पैशांचा हिशेब मांडूया

समजा, भारी पेट्रोल साध्यापेक्षा लिटरमागे ८ रुपयांनी महाग आहे. तुम्ही एका वेळी ३५ लिटर भरता आणि महिन्यातून पाच वेळा भरता.

• एका वेळचा जादा खर्च: २८० रुपये
• महिन्याचा: १,४०० रुपये
• वर्षाचा: १६,८०० रुपये

एवढ्या पैशांत वेळच्या वेळी ऑइल बदलणे, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि कूलंट हे सगळे होऊ शकते. तापलेले इंजिन, काजळी धरलेले सिलिंडर आणि चुकीचे स्पार्क प्लग यांमुळेही नॉक येतो. आधी ते दुरुस्त करा. तरीही आवाज येत असेल, तर एक-दोन टाक्या जास्त ऑक्टेनच्या भरून पाहा आणि वहीत ॲव्हरेज लिहा. फरक वहीत दिसला, तरच पुढे चालू ठेवा.

एका नॉकसाठी जगाने मोजलेली किंमत

नॉक थांबवण्याचा एक स्वस्त उपाय १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडला. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळायचे. इंजिने शांत झाली, पण धुरातून शिसे हवेत आणि मातीत गेले. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. जगात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल पूर्ण थांबल्याची घोषणा संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट २०२१ मध्ये केली. म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या अनोळखी ‘ऑक्टेन बूस्टर’च्या बाटल्या टाकीत ओतण्याआधी थांबा. गाडीच्या कंपनीने सांगितले नसेल, तर नकोच.

वर भात, खाली तेल

कावेरी डेल्टाची आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. या भाताच्या शेतांखाली खनिज तेल आणि वायू आहे. नागपट्टिनमजवळच्या नरिमनमला १९९३ मध्ये छोटी रिफायनरी सुरू झाली होती. २०१७ मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या कदिरामंगलम गावात तेलवाहिनीतून गळती झाली आणि लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात नेडुवासलला हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध मोठे आंदोलन झाले.

फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने कायदा करून या पट्ट्याला संरक्षित विशेष कृषी क्षेत्र घोषित केले. नवीन तेल-वायू उत्खननाला तिथे मनाई झाली. आधीपासून चालू असलेली कामे मात्र कायद्याबाहेर राहिली. दुसऱ्या वर्षी नागपट्टिनमला मोठ्या नव्या रिफायनरीची पायाभरणी झाली. भात वाहून न्यायला इंधन हवे आणि भात पिकवायला स्वच्छ जमीन हवी, हा पेच तिथले शेतकरी रोज जगतात. आपण गरजेपेक्षा जास्त इंधन जाळत असू, तर त्या पेचात थोडी भर आपलीही असते.

डिझेल ट्रकवाल्यांनो, युरियाची गल्लत नको

बीएस-६ च्या अनेक डिझेल ट्रकना निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. त्यात डीईएफ भरतात. हे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे पाण्यातले द्रावण असते. ते सायलेन्सरमधला विषारी धूर कमी करते. शेताच्या घरात युरियाची पोती असतातच, मग घरीच द्रावण करू, असा मोह होऊ शकतो. कृपया करू नका. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो आणि त्यात इतर अशुद्धीही असते. त्याने महागडी यंत्रणा चोंदते. सीलबंद, दर्जाचा शिक्का असलेले डीईएफच घ्या.

पंपावर हे सहा नियम पाळा

१. टाकीच्या झाकणाच्या आतले स्टिकर आणि मॅन्युअल वाचा. पेट्रोल की डिझेल, किमान ऑक्टेन किती, ई-२० चालते का, या तीन गोष्टी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

२. घरातला दुसरा कोणी गाडी चालवत असेल, तर झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘डिझेल’ किंवा ‘पेट्रोल’ लिहा. दक्षिणेत पंपाला ‘बंक’ म्हणतात. भाषा येत नसेल तर झाकणावर बोट ठेवून दाखवा.

३. मीटर शून्यावर आहे का ते पाहा आणि बिल घ्या. पुढे तक्रार करायची तर बिल लागते.

४. शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागा. पेट्रोलचा थेंब कागदावरून उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. ५ लिटरच्या मापाने माप तपासून घेण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

५. सुट्या बाटलीतले स्वस्त पेट्रोल टाळा. त्यात रॉकेल मिसळलेले असेल, तर ऑक्टेन झपाट्याने पडते आणि नॉक सुरू होतो.

६. चुकीचे इंधन भरले गेले, तर गाडी सुरू करू नका. चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. इंजिन सुरू झाले की खर्च कित्येक पटीने वाढतो.

परदेशातले आकडे वेगळे का दिसतात?

अमेरिकेतला भाचा सांगतो, “मामा, इथे तर ८७ भरतात!” मग आपले पेट्रोल जास्त चांगले का? तसे नाही. भारतात, आखातात आणि युरोपात ‘रॉन’ पद्धतीचा आकडा लिहितात. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, ती ४-५ ने कमी येते. तिथले ८७ म्हणजे साधारण आपले ९१. तिथे पेट्रोलवर चालणारे ताकदवान पिकअप ट्रक खूप आहेत आणि ऑक्टेनचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथला आहे. उदाहरणार्थ, रॅम १५०० च्या ५.७ लिटर हेमी इंजिनासाठी ८९ ची शिफारस होती. फोर्ड एफ-१५० ची अनेक टर्बो इंजिने ८७ वर चालतात, पण जड ट्रेलर ओढताना जास्त ऑक्टेन फायद्याचे ठरते. दुबईत ९१, ९५ आणि ९८ असे तीन प्रकार दिसतील. तो आकडा मात्र आपल्यासारखाच वाचायचा.

तुमच्या मनातले काही प्रश्न

मॅन्युअलमध्ये ९१ लिहिले आहे. ९५ भरले तर नुकसान होईल?
इंजिनाचे नाही, फक्त खिशाचे.

मॅन्युअलमध्ये ९५ ‘आवश्यक’ लिहिले आहे. कमी भरले तर?
टाळा. नाइलाज झाला तर माल कमी ठेवा, ॲक्सिलरेटर हळू दाबा आणि लवकरात लवकर योग्य पेट्रोल भरा.

‘शिफारस’ आणि ‘आवश्यक’ यात फरक आहे का?
हो. शिफारस म्हणजे त्याने इंजिन उत्तम चालेल. आवश्यक म्हणजे त्याखाली जाऊ नका.

गाडी दहा वर्षे जुनी आहे. काय करू?
सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाचे पाइप, गास्केट आणि फिल्टर आवर्जून तपासून घ्या. पाइपवर भेगा दिसल्या तर लगेच बदला. हे भाग स्वस्त असतात, पण पेट्रोलची गळती धोकादायक असते.

थोडक्यात, तुमच्या गाडीला किती ऑक्टेन हवे हे तिच्या कंपनीने आधीच लिहून ठेवले आहे. त्याहून कमी भरू नका आणि कारण नसताना जास्तही भरू नका. आज घरी गेल्यावर मॅन्युअलचे ते पान शोधा, फोटो काढा आणि घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला पाठवून द्या. सुगीच्या दिवसांत हा एक फोटो खूप उपयोगी पडेल.